बांधाच्या अलीकडे

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी केसरीनाथचा फोन आला. वर्षातून दोन-तीनदाच आमचं बोलणं व्हायचं, आणि फोन नेहमी त्याचाच असायचा.

"हरीभाऊ, ती सीडी हाय ना तुज्याकडं?"

"कुठली?" मी विचारलं. खरं तर मला लगेच कळलं होतं.

"कुठली म्हनजे? खेलाची. माजी पुरात गेली. तुज्याकडं असनारच. तू कागदाचा कपटा टाकत न्हाईस."

"आहे," मी म्हटलं. "कपाटात आहे."

"मंग चालू करून ठेव. मी येतो, न्हायतर तू ये. पन लवकर कर. डावा डोला गेला. उजव्यात सुया मारतात ठान्याला नेऊन. डाक्टर बोलला, दोन-तीन म्हैने धर, पुढचं सांगता येत न्हाय." मग म्हणाला, "घर बघायचंय रे एकदा. आयला बघायचंय."

मी हो म्हणून फोन ठेवला.

केसरीनाथ वडपे गावचा. मी भिवंडीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो आणि तो त्याच शाळेच्या संगणक कक्षात सहायक. शिक्षकांच्या खोलीत आम्हा दोघांनाही तसं स्थान नव्हतं, म्हणून मधल्या सुट्टीत तो ग्रंथालयात येऊन बसायचा. शाळेने संगणकाची सात-आठ जाड पुस्तकं घेतली होती, ती कुणीच नेत नसे. मी ती त्याच्या नावावर काढून दिली. त्याने ती अक्षरशः झिजवली, आणि त्यांतूनच शिकून दोन हजार एक साली एक खेळ लिहिला.

खेळ असा होता. वडप्याच्या एका घरातून न्याहारी घेऊन निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत ती शेतावर नांगर धरलेल्या बापाला पोचवायची. वाटेत सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी अडवतं आणि काहीतरी विचारतं. पडद्याच्या खाली बाराखडी होती, बाणांच्या कळांनी एकेक अक्षर निवडून उत्तर लिहायचं. बरोबर आलं तर वाट सुटते. वरून सूर्य सरकत असतो.

सुरुवातीलाच त्याचं घर दिसायचं आणि दारात त्याची आई, ठमाबाई. तिचा फोटो कधीच निघाला नाही, कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची. ती गेल्यावर केसरीनाथने आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून रंगवून तिला काढलं होतं. ते मी पाहिलं होतं. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून एक पावसाळाभर तो ते करत होता. "नाक जरा खाली पायजे," म्हणायचा आणि एक चौकोन खोडायचा. पुढे घर पाडलं, जमीन गोदामवाल्यांकडे गेली. आता तिथे पत्र्याची गोदामं आहेत. त्या घराचं आणि त्या बाईचं जे काही उरलं होतं ते एका सीडीवर होतं आणि ती सीडी माझ्याकडे होती.

दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते. तो खेळ मी कधी पुरा केलाच नव्हता.

त्याने सीडी दिली तेव्हा म्हणाला होता, "खेलून बघ आनि सांग." मी घरच्या संगणकावर तीन दिवस बसलो. पहिलं ठिकाण ओहोळाचं. तिथे खेकड्यावरचं कोडं होतं. मी "खेकडा" लिहिलं. पडद्यावर आलं, "हे पुस्तकातलं नाव. या नावाने हाक मारली तर तो बिळातून बाहेर येत नाही." मी "चिंबोरी" लिहिलं आणि सुटलो. दुसऱ्या ठिकाणी राबाविषयी, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्याविषयी, विचारलं होतं, ते शब्दकोशात सापडलं. तिसऱ्या ठिकाणी खळ्यावर एक बाई सूप घेऊन बसलेली. ती विचारायची, "भाकर कुठल्या तांदळाची?" मी कोलम लिहिलं, आंबेमोहोर लिहिलं, शेतीच्या पुस्तकातून आणखी अकरा नावं शोधून लिहिली. दर वेळी सूर्य मावळायचा. मी बंद करून टाकलं.

महिन्याभराने त्याने विचारलं, "झाला का पुरा?"

अडलो म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण समोर माणूस उत्सुक उभा राहिला की माझ्या तोंडून खरं निघत नाही. मी म्हटलं, "झाला की. शेवट तर फारच सुंदर."

तो माझ्याकडे बघत राहिला. "हां?" म्हणाला. एवढंच. त्यानंतर त्याने खेळ लिहिला नाही. मधल्या सुट्टीत येत राहिला, पण पुस्तकं मागितली नाहीत. मला वाटलं, नाद सुटला असेल. माणसांचे नाद सुटतात.

सीडी खरोखरच कपाटात होती. आमच्याकडे दसऱ्याला सरस्वतीच्या पाटीबरोबर घरातली पुस्तकं, माझं पेन, आमच्या लेकीचा, तनयाचा, जुना कंपास असं सगळं पाटावर मांडतात. पहिल्याच वर्षी मी ती सीडीही पाटावर ठेवली होती. मित्राने लिहिलेली वस्तू, ग्रंथच तो. माझी बायको शुभदा गंध लावायला गेली तेव्हा मी तिला थांबवलं होतं. चकचकीत बाजूला हात लावायचा नाही, लिखाण त्या बाजूला असतं असं मी वाचलं होतं. म्हणून ती दर दसऱ्याला वरच्या बाजूला, जिथे केसरीनाथने शाईने नाव लिहिलं होतं तिथे, ओलं हळदकुंकू लावत आली. आणि दर वर्षी मी आदल्या वर्षीचं वाळलेलं गंध नखाने खरवडून जागा करून देत आलो. चोवीस दसरे.

नारपोलीत कुमारचं दुकान आहे. तो आधी लूमच्या मोटरी दुरुस्त करायचा, आता संगणक करतो. वय पन्नाशीचं, हात काळे. त्याने सीडी उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटला.

"काका, हे लाल काय लावलंय?"

"गंध."

"सीडीला?"

"दसऱ्याला लावतो आम्ही. पण खालच्या बाजूला कधी लावलं नाही. ती बाजू मी फार जपली."

"कोणी सांगितलं खालची जपा म्हणून?"

"पुस्तकात..."

"अहो काका, माल वरच असतो. खाली नुसतं प्लास्टिक. वरचा वर्ख गेला की खेळ खल्लास." त्याने सीडी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "बघा, चाळणी झालीय. पलीकडचा लूम दिसतोय मला."

खरंच दिसत होता. कुंकवाच्या जागी वर्ख निघून गेला होता आणि नखाच्या आकाराच्या भोकांतून रस्त्यापलीकडे लूमचा धोटा इकडून तिकडे पळताना दिसत होता.

"काहीच निघणार नाही का?"

"ट्राय मारतो. पण अपेक्षा ठेवू नका. जादू नाय येत आपल्याला."

दोन दिवसांनी तो म्हणाला, सतरा फायली होत्या, सोळा निघाल्या. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितली. सतरावीची तेवढी जागा पार उडालीय. मी तिचं नाव विचारलं. त्याने कागदावर लिहून दिलं. चित्र.

मी घरी येऊन शुभदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मग? मला बोल लावताय का?" ती म्हणाली. "तुम्हीच पाटावर ठेवलीत. तुम्हीच सांगितलंत वर लाव म्हणून."

"तुला कोण बोल लावतंय?"

"आणि एक विचारू? एवढी जपलीत, पण लावलीत कधी ती? मी तरी कधी ऐकलं नाही तो खेळ चालू असल्याचं. पाट, कपाट. पाट, कपाट."

तिने विचारलं ते फार मनावर घेऊन नव्हतं, पुढच्या क्षणी ती मेथीतल्या मातीवर चिडली होती.

तनयाचा जुना लॅपटॉप घरात होता. त्याच्यावर खेळ उघडायला गेलो की पाटी यायची, हा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू शकत नाही. किती सभ्य भाषा. पंधरा दिवस मी रोज सकाळी अंघोळ करून त्याच्यासमोर बसत होतो. इंटरनेटवर कुठे कुठे लोकांनी लिहून ठेवलेलं वाचायचो, निम्मं कळायचं नाही, जे कळायचं ते वहीत उतरवायचो. मला प्रश्न विचारायचे असायचे पण अनोळखी लोकांना आपण काय लिहायचं या विचाराने मी लिहिलेलं पुसून टाकायचो. शेवटी एक प्रोग्राम सापडला. तो नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचं सोंग घेतो. त्यात खेळ सुरू झाला आणि लगेच बंद पडला. चित्र सापडत नाही, असं लिहून आलं.

कुमार फोनवर म्हणाला, "त्याच नावाची रिकामी फाइल बनवून ठेवा. त्याला काय, हजेरीला नाव पाहिजे."

तसं केलं. खेळ उघडला. काळा पडदा, खाली केसरीनाथने ठिपका ठिपका जोडून बनवलेली अक्षरं, "उजाडलं. न्याहारी घेऊन नीघ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत सूर्य एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला होता. "दिवस मावळला. न्याहारी पोचली नाही."

सूर्य तेवढा राहिला होता. तो चित्रातला नव्हता, प्रोग्राममध्येच काढलेला पिवळा गोळा होता. पण या नव्या यंत्राच्या वेगाने तो डावीकडे उगवायचा आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उजवीकडे मावळायचा. केसरीनाथने तो त्या वेळच्या संगणकाच्या चालीवर सोडला होता. आता चाल हजारपट झाली होती. मी चाळीसेक वेळा सुरू केलं, चाळीस वेळा दिवस मावळला. सोंग घेणाऱ्या प्रोग्रामला हळू चालायला सांगता येतं हे कळायला आणखी चार दिवस गेले.

मग मी पुन्हा त्या खळ्यावर येऊन थांबलो. भाकर कुठल्या तांदळाची?

आमच्या आळीच्या तोंडाशी दिघाशीची पुतळाबाई भाजी घेऊन बसते. पंधरा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेतो. त्या दिवशी वालाच्या शेंगा घेताना मी धीर करून विचारलं, "बाई, भाकरीला तुम्ही कुठला तांदूळ वापरता?"

"तांदूल?" ती हसली. "भाकरीला कोन तांदूल दलतं, मास्तर? कनी."

"कणी?"

"आख्खा तांदूल इकायचा. तुटलेला घरात. आमच्या आयस-बापसांनी कनीचीच खाल्ली. आता सांगा, पाव किलो का अर्धा?"

मी घरी येऊन बाणांच्या कळांनी दोन अक्षरं लावली. बाई म्हणाली, "जा." वाट सुटली.

चोवीस वर्षांपूर्वीही पुतळाबाई कुणीतरी होतीच. केसरीनाथ तर दोन हातांवर बसायचा. मी तेरा जातींचे तांदूळ शोधले, पण माणसाला विचारलं नाही. त्या दिवशी पुढे खेळावंसं वाटलं नाही. खेळ तिथेच जतन करून ठेवला. म्हटलं, उरलेला हळूहळू पुरा करू, शेवटापर्यंत पोचू, मग त्याच्याकडे ताठ मानेने जाऊ. चित्रांचं काय सांगायचं तेही तोवर ठरवू. ठरवण्यात डिसेंबर गेला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रूपावहिनींचा, केसरीनाथच्या बायकोचा, फोन आला.

"भावजी, तुमचं काय ते झालं का? यांना आता दाराची चौकट दिसत न्हाय. रोज इचारतात, हरी आला का, हरी आला का."

"उद्या येतो."

"आजच या ना," त्या म्हणाल्या.

दुपारी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून शेअर रिक्षाने वडप्याला गेलो. गोदामांच्या मागे त्याचा नवा बंगला आहे, फरशी इतकी गुळगुळीत की मी चपला काढून भिंतीला धरून चाललो. वहिनी दारातच भेटल्या. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं, "वहिनी, चित्रं गेली. नुसती अक्षरं आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मना नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा."

केसरीनाथ खुर्चीत बसला होता. काळा चष्मा, अंगात स्वेटर. वाळला होता.

"आला का पुस्तकातला किडा? दोन म्हैने लावलेस. पायी आलास का?"

"यंत्र ऐकत नव्हतं."

"तुजं कोन ऐकतंय? पोरं पन ऐकायची न्हाईत. 'शांतता राखा, शांतता राखा', आनि पोरं तुज्या टेबलावर बसून वडा खायची." तो स्वतःच हसला. "लाव. माज्या जवल लाव. अजून जवल. रूपा, पडदा वढ."

मी लॅपटॉप त्याच्या गुडघ्यांवर ठेवला. त्याने चष्मा काढला आणि तोंड पडद्याजवळ नेलं, वास घेतल्यासारखं. मी खेळ पहिल्यापासून सुरू केला, कारण घर आणि आई पहिल्यालाच होती.

काळा पडदा आला.

केसरीनाथ बघत राहिला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. डोळा बोटाने ताणला.

"हरीभाऊ, चालू झाला?"

"झाला."

"कालोख हाय सगला." त्याचा आवाज अगदी लहान झाला. "सकाली तर खिडकी दिसली व्हती मना. रूपा, सकाली मी बोललो ना तुला, खिडकी दिसली म्हनून?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी सांगायला हवं होतं. दोनच शब्द होते. चित्रं गेली. पण त्याच्या डोळ्यांवर खापर फुटत होतं आणि मी ते फुटू दिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, फार नसेल, पण मी उभा राहिलो आणि गप्प राहिलो हे खरं आहे.

मग सूर्य उगवला.

"पिवला," तो म्हणाला. "पिवला काय तरी हाय. सूर्य हाय ना तो?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं, बरोबर गोळ्यावर. बोट गोळ्याबरोबर थोडं सरकलं. "सूर्य दिसतोय. मंग घर का न्हाय दिसत?"

मी सांगितलं. दसऱ्याचं, गंधाचं, नखाचं, सगळं. बोलताना वाक्यं एकात एक अडकत होती. तो ऐकत होता. मधे एकदा त्याने विचारलं, "आयचं पन गेलं?" मी म्हटलं, "सगळी चित्रं एकाच फाइलीत होती."

"हां. मीच ठेवली व्हती एकात." त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आनि ती आलेखाची वही पुरात गेली."

वहिनींनी पडदा पुन्हा उघडला. मला वाटलं आता मला जायला सांगेल, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण तो म्हणाला, "अक्षरं हायत ना? वाच मंग. तू वाच, मी खेलतो."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि वाचत गेलो. ओहोळ. "चिंबोरी!" राब. तो उत्तरं आधीच सांगायचा, प्रश्न संपायच्या आत, आणि मी अक्षरं लावायचो. खळ्यावर तर तो वहिनींकडे वळून म्हणाला, "आयक, याच्यात तू हायस. सूप घेऊन बसलेली. तुजंच डोकं हाय ते." वहिनी म्हणाल्या, "माजं डोकं बरं आठवलं तुमाला." चौथ्या ठिकाणी एक म्हातारा बैलाच्या दाव्याच्या गाठीचं नाव विचारतो, पाचव्या ठिकाणी एक कुत्रा वाट अडवतो. ते मी पहिल्यांदाच वाचत होतो. तो उत्तरं सांगायचा, मग म्हणायचा, "आठवतं ना?" मी म्हणायचो, "विसरलो होतो बघ." दर वेळी तो "विसरलास," असं म्हणायचा आणि थांबायचा.

सहाव्या ठिकाणी काही प्रश्न नव्हता. शेताचा बांध आला आणि पडदाभर मजकूर उमटला. मी वाचायला सुरुवात केली.

"हरीभाऊ, आलास? इथून पुढे शेत आहे..."

पुढचं मी मनात वाचलं.

"शेत मी अजून लिहिलेलं नाही. न्याहारी पोचल्यावर बाबा काय म्हणतात ते मला नीट लिहिता येत नाही. तुला भाषा येते. तू लिहायचं म्हणतोस आणि लिहीत नाहीस. म्हणून हे ठिकाण तुझ्यासाठी रिकामं ठेवलं आहे. इथपर्यंत आलास की मला सांग, मधल्या सुट्टीत दोघे बसून शेवट लिहू."

खाली बाराखडी होती आणि एक रिकामी ओळ.

"वाच ना," केसरीनाथ म्हणाला.

मला वाटलं, याला आता दिसत नाही. मी काहीतरी रचून वाचू शकतो. बाप म्हणतो, बस बाळा, दमलास. माझ्या मनात हे आलं, हेही लिहिलं पाहिजे.

"वाच. न्हायतर मी बोलू? मना पाठ हाय."

"नको," मी म्हटलं.

"'शेवट फारच सुंदर,' असा बोललेलास." त्याने माझी नक्कल केली, माझा शुद्ध उच्चार, मान हलवणं. चांगली केली. पण तो हसत नव्हता. "मी घरी जाऊन रूपाला बोललो, हरीला शेवट आवडला. रूपा बोलली, पन शेवट तर व्हायचा हाय ना? तवा मना कललं. म्हनजे आधीच कललं व्हतं, पन तिनं इचारलं तवा बसला काटा."

"मला बोलला का नाहीस?"

"काय बोलू? हरी, तू खोटं बोलतंस? तू मोठा मानूस, पुस्तकं वाचनारा. मी म्हटलं, आपलाच खेल फालतू असंल. तीन पायऱ्या पन चढवल्या न्हाईत मानसाला." त्याने चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला. "पूजा केलीस चोवीस वर्सं. खेललास न्हाय."

मी माफी मागितली. माफीचे शब्द मला भरपूर येतात, पण तेव्हा एकच आला आणि तो कुठल्याच कामाचा वाटला नाही. त्याने हात हलवला, माशी उडवल्यासारखा.

"ते जाऊ दे. आता पोचलास ना बांधाला? लिही. बापूस काय बोलला?"

"आत्ता?"

"मंग कवा? सांग. तू उभा हायस, हातात फडकं, फडक्यात भाकर. तो नांगर सोडून येतो. काय बोलतो?"

मी विचार केला. खरोखर केला. आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांतले बाप माझ्या डोक्यातून गेले. मी म्हटलं, "म्हणतो, 'आलास? ऊन लागलं का रे?'"

केसरीनाथने मान हलवली. "माजा बापूस असं कवाच न्हाय बोलला."

"मग काय म्हणायचे ते?"

त्याने तोंड उघडलं. मी बाणांच्या कळांवर बोट ठेवून तयार होतो. तो तसाच राहिला, तोंड किंचित उघडं, कपाळाला आठ्या, कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि ऐकू येत नाही तसा.

"एक शब्द व्हता त्याचा," तो म्हणाला. "भाकर हातात घेतली की बोलायचा. रोज बोलायचा. तवा मना ठावं व्हता. तुला सांगनार व्हतो, तू त्याला पुढं-मागं काय ते लावनार व्हतास." त्याने मान वहिनींकडे वळवली. "रूपा, तुला आठवतं?"

"मी आले तवा मामांजी नव्हते," वहिनी म्हणाल्या.

"भाऊ?" मी विचारलं. "कुणी भाऊ, चुलते?"

"आता मीच शेवटला," तो म्हणाला. मग म्हणाला, "बंद कर ते."

मी बंद केलं. वहिनींनी चहा आणला, तो आम्ही प्यालो. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याने तो चाचपून बघितला, कुणाचा आहे असा. "उद्या ये," म्हणाला. "बसू. आठवंल कदाचित." मी हो म्हटलं.

त्यानंतर मी गेलो नाही. लॅपटॉपवर ती रिकामी ओळ रोज उघडतो, काहीतरी लावतो, वाचतो, पुसतो. मी लावलेलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या पुस्तकातलं असतं. आणि त्याला जर तो शब्द आठवला नसेल, तर तिथे जाऊन त्याच्या समोर मी काय करणार? आणि आठवला असेल, तर त्याच्या पुढं-मागं लावायला माझ्याकडे काय आहे?

परवा वहिनींचा फोन आला. उजवाही गेला, म्हणाल्या, आता उजेड-अंधारही कळत नाही. "रोज दुपारी तुमची खुर्ची मांडायला सांगतात. कवा येताय?"

मी म्हटलं, "वहिनी, गुडघ्यांनी फार त्रास दिलाय. रिक्षात चढवत नाही."

माझे गुडघे चांगले आहेत. मी रोज सकाळी भाजीला जातो.

"मंग नका येऊ, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पाय जपा. मी सांगते त्यांना."